विमानमास्तर आणि खोटं बोलणारे कान

"माझ्या अंगाला बरोबर कळतं," असं कुणी म्हणालं की विमानमास्तरांचं डोकं फिरायचं. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर ते आमच्या शेजारी राहत. लढाईत विमानं चालवली होती. डोळे अधू झाल्यावर रात्रीचं टपाल विमानानं नेणाऱ्या एका कंपनीत नव्या वैमानिकांना शिकवत. "अंधारात कान खोटं बोलतात, पोटही खोटं बोलतं. समोरच्या यंत्राच्या काट्यावर विश्वास ठेवा," हे त्यांचं पालुपद.

पटवण्यासाठी ते कुणालाही जवळच्या निर्वासितांच्या कॅम्प पाचमधल्या सिंधी न्हाव्याच्या फिरत्या खुर्चीत बसवत. डोळ्यांवर टॉवेल बांधून खुर्ची बराच वेळ उजवीकडे फिरवायची, मग अलगद थांबवायची. बसलेला छातीठोकपणे सांगे, आता डावीकडे फिरतोय. मीही सांगितलं होतं.

त्यांचा शिष्य सदाशिव चैत्रातल्या अमावास्येला बदलापूरपलीकडच्या डोंगरावर आदळला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला गावकऱ्यांनी उतारावर राब पेटवले होते. त्या काळोखात धगधगणारे निखारे त्याला तारे वाटले असणार, आणि त्यांच्याकडे बघून त्यानं विमान 'सरळ' केलं असणार. विमान कलतंय की नाही हे दाखवणारा काटा आठवडाभर बंद होता. मास्तरांनी दोनदा लेखी कळवलं होतं. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

कंपनीचा साहेब मास्तरांना शोधत न्हाव्याच्या दुकानात आला. कागदावर 'वैमानिकाचा निष्काळजीपणा' असं लिहून तयार होतं, खाली फक्त मास्तरांची सही हवी होती. असल्या लोकांना मेलेला माणूस फार सोयीचा. तो उलट बोलत नाही. मास्तरांनी साहेबालाच खुर्चीत बसवलं. टॉवेल, गरगर, मग थांबवलं. साहेब म्हणाला, डावीकडे फिरतोय.

"साईं, खुर्ची तो खड़ी है," न्हावी म्हणाला.

मास्तर म्हणाले, "तुम्ही दिवसाढवळ्या, जमिनीवर बसून चुकलात. तो अंधारात होता, आणि त्याचा काटा तुम्ही मोडका ठेवला होतात."

मास्तरांची नोकरी गेली. अहवालात तेच शब्द राहिले, दुसऱ्याच कुणाच्या तरी सहीनं. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मास्तर बिऱ्हाड हलवून गावी निघाले, त्या दिवशी सदाशिवची बायको आली. तिनं अहवालाचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "त्यांना कळलं असेल का हो, आपण पडतोय ते?"

मास्तरांनी हातातलं बोचकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "नाही पोरी. शेवटपर्यंत त्याला वाटलं असेल, विमान सरळच चाललंय."