हळदी जमिनीवरचा मोगरा

१८ जानेवारी २०२५, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून काही आठवडे झाले होते. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर, उन्हात बसून, तिने जाळीच्या कापडावरचे लोकरीचे भरतकाम पुन्हा हाती घेतले आणि ती थबकली.

“ही पिवळी फुलं कुणी भरली?”

“तूच. मोगरा आहे ना?”

तिने आळीपाळीने एकेक डोळा झाकला. डाव्याला फुले पांढरी दिसत होती, उजव्याला पिवळी.

“म्हंजे वरीसभर मी पिवळा मोगरा भरत बसलो, आणि तू नुसती बघत बसलीस व्हय?”

“मला वाटलं, तुला सायीचा रंग हवाय.”

तिने उसवायला कात्री घेतली. “दुसरा डोळा न्हाय करायचा. आणि काय काय पिवळं निघंल कुणाला ठावं.”

डाव्या डोळ्याला उशीर नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. प्रकाशकी हा माझा विषय. पिकलेले भिंग निळा प्रकाश अडवते, त्यामुळे पांढऱ्या-पिवळ्यातला फरक कळत नाही, हे मी तिला समजावले. स्पष्टीकरण बरोबर होते. भीती कमी झाली नाही.

मग माझ्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी बाजूला ठेवून मी जाळीचे दोन तुकडे कापले. दोन्हींच्या मध्यभागी तीच मोगऱ्याची लोकर. एकाभोवती शुभ्र पांढरी, दुसऱ्याभोवती हळदी. एका छिद्रातून एक टाका. घाई करता येत नव्हती. थोड्या वेळाने दुसरा तुकडा तिनेच ओढून घेतला.

“लोकर ताणू नको, जाळी आकसतीय.”

पांढऱ्याच्या शेजारी मधला चौकोन जुन्या कागदासारखा दिसू लागला. हळदीच्या शेजारी तोच पांढरा झाला.

“लडी बदललीस की.”

मी लडी तिच्या हातात दिली. तिने एक धागा दोन्ही तुकड्यांवर आडवा धरून पाहिला.

“शेजार वाईट होता म्हणायचं.” कात्री डब्यात गेली. “फुलांच्या मागची जमीन हळदी करतो. ती भरून झाली की जाऊ दवाखान्यात.”

दर रविवारी मी तिला पांढऱ्या चौकटीतल्या तुकड्याच्या पिवळेपणाला दहापैकी गुण द्यायला लावत असे. उजवा डोळा सात, डावा दोन. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली, तेव्हा तिने आधी पूर्ण झालेले भरतकाम मागितले आणि बराच वेळ पाहिले.

“पांढरी हायती. आण आता तुझा तो तुकडा.”

उजवा डोळा झाकून तिने गुण सांगितले. डावा डोळा : ७.