चप्पल काढून बसणारी

माझी ताई नवे कपडे शिवत नाही. लोकांचे बिघडलेले उसवून नीट करते. घराच्या पुढच्या खोलीत पायाने चालवायचं मशीन आहे, आणि त्यावर बसताना चप्पल बाहेर. कडाक्याच्या थंडीतसुद्धा! "पायाला पेडल कळलं नाही, तर सुई कुठे थांबवायची ते कसं कळणार?" मी हौसेने विजेची मोटर आणून दिली, तर बाईसाहेबांनी ती दाराला टेकू म्हणून लावली. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, म्हणून ऐकून घेते. एरवी मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

यंदा ती वाळायला लागली. स्वतःचेच कपडे कमरेत आत घेत होती, पण तोंडातून अवाक्षर नाही. शेवटी मीच ओढून दवाखान्यात नेलं. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं ना, त्याच्या टोकाला गाठ निघाली. अजून पसरली नव्हती.

"काढता येईल," सर्जन म्हणाले. "पोट फाडायला नको. लहान लहान भोकं पाडून रोबोटने करू. अडचण आली तर मात्र उघडावं लागेल."

"रोबोट?" ताई उठलीच. "आपोआप चालणाऱ्या वस्तूच्या हाती मी पोट देणार नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरी मी भांडले, रडले, अबोला धरला. बाई ढिम्म! गाठ काय आमचं भांडण मिटायची वाट बघत थांबणार होती? पुन्हा तिला सर्जनसमोर नेऊन बसवलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. रोबोट स्वतःहून काही करत नाही. ते जवळच बसून आतलं मोठं करून बघतात, आणि त्यांची बोटं हलतील तशी पोटातली हत्यारं हलतात. "शिवाय पायाशी पेडल असतात. कॅमेरा हलवायचा, रक्त थांबवायचं, ते पायाने."

ताईने मान वर केली. "पेडल मारताना बूट घालता?"

मी कपाळाला हात लावला. सर्जन मात्र हसले नाहीत. "काढून ठेवतो. बुटातून नीट कळत नाही."

"मग ठरवा दिवस," ताई म्हणाली.

त्या दिवशी मी बाहेर बाकावर बसून देवाला नको नको ते बोलले. सर्जन आले तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना, म्हणून पायाकडे बघत राहिले. घाईत सपाता अडकवलेल्या, आणि मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

"गाठ अख्खी निघाली. उघडावं लागलं नाही."

जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच भोकाड पसरलं.

संध्याकाळी ताईने डोळे उघडले. "झालं?"

"झालं. सगळी निघाली. आणि ताई, त्यांनी खरंच बूट काढले होते गं. मोज्याला भोक होतं, मी पाहिलं."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

"वेडे," ती पुटपुटली, "मग मोजा मागून घ्यायचास ना!"

जन्मभर तिची बोलणी खाल्ली, पण अशी गोड कधी लागली नव्हती.