अर्धा सेकंद

डिंडोलीच्या मयुरीने साड्यांच्या एका कारखान्यासाठी संगणकावर माग दाखवणारी स्क्रीन बनवली होती. तीनशे मागांचे तीनशे हिरवे चौकोन. कुठे धागा तुटला की तेवढाच चौकोन पापणी लवायच्या आत लाल. त्यासाठी तिने रिॲक्टिव्ह लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा एक संच, वापरली होती. एक आकडा बदलला की त्याला जोडलेलं सगळं आपोआप बदलायचं. दुपारी ती स्क्रीनकडे बघत बसे, तेव्हा तिला वाटे, लांबच लांब हिरवी साडी वाऱ्यावर झुलते आहे आणि आपण तिच्या काठावरून चालतो आहोत.

मग ती लग्नाला अमळनेरला गेली आणि इकडे एक चौकोन लालच राहिला. माग मात्र धडधड चालू! तिच्यासोबत काम करणारी सोनाली दोन दिवस कोड उलगडत बसली. काय कशाला बांधलंय तेच कळेना. परत आल्यावर खुद्द मयुरीलाही कळेना. तिला स्वतःचाच राग आला.

तीस वर्षं माग चालवलेल्या वडिलांना, सुकदेवना, तिने हे सांगितलं. ते पाळी सोडताना, जिथे तुटलेल्या धाग्याला गाठ मारली तिथे पुढच्या पाळीच्या कामगारासाठी काठाला लाल दोरा बांधून ठेवत.

"मांगून येनाराले दिसाले पाहिजे ना, पोरी?" ते म्हणाले.

मयुरीने कोडमधला निम्मा गुंता काढून एकामागून एक चालणाऱ्या, वाचल्या की कळतील अशा साध्या पायऱ्या लिहिल्या, प्रत्येकीला नाव दिलं. आता त्या हिरव्या साडीच्या काठाला तिला जागोजागी लाल दोरे हलताना दिसतात.

"स्क्रीन मंद का झाली?" कारखान्याच्या शेठने विचारलं. "अर्धा सेकंद उशीर होतोय."

"तो अर्धा सेकंद सोनालीचा आहे," मयुरी म्हणाली.