बर्नरवरची जागा

स्वप्नाली कांबळे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पॅकिंगला होती. तिथे प्रयोगशाळांसाठी फ्लास्क, बीकर, कंडेन्सर बनत. काच बोरोसिलिकेटची, उकळत्या ॲसिडला आणि ज्योतीला दाद न देणारी. बर्नरवर बसणारे कारागीर सगळे पुरुष. जेवणाच्या सुट्टीत स्वप्नाली प्रमोदकाकांपाशी उभी राहायची आणि ज्योतीत नळी फिरवायला शिकायची. काका शेडमधले सर्वांत जुने कारागीर. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी ज्योतीसमोर बसायला मनाई केली, ते तयार माल तपासायला बसू लागले आणि त्यांचा बर्नर रिकामा झाला. स्वप्नाली सरळ मालकांपुढे उभी राहिली.

"हरेशभाई, काकांची जागा मला द्या."

हरेशभाई उल्हासनगरचे. सगळ्या बायकांना ते आपल्या सिंधी सवयीनं 'अदी', म्हणजे ताई, म्हणत. "अदी, तुझ्या हातून आजपर्यंत एक पीस फुटला नाही. आणि तू पॅकिंग सोडून काच फुंकणार?"

"फुटला नाही म्हणूनच मागतेय."

त्यांना हसू आलं. एका कॉलेजची ऑर्डर होती. तीन फ्लास्क, प्रत्येकाच्या मानेला बाजूची नळी जोडायची. "हे तीन कर. भट्टीतून साबूत निघाले तर बर्नर तुझा. नाही निघाले तर परत विषय काढायचा नाही."

"चालेल."

तुकड्यांच्या डब्यातून तिनं जाडी बघून नळ्या निवडल्या आणि बर्नर पेटवला. नळी ज्योतीत धरताच लोण्यासारखी मऊ झाली. सरावात इतकी पटकन कधी झाली नव्हती. आपला हात बसला, असं वाटून ती मनातून सुखावली. जोड सुबक आले. तिन्ही फ्लास्क तिनं भट्टीत ठेवले. तिथे काच रात्रभर सावकाश निवते, म्हणजे आतला ताण निघून जातो.

सकाळी दार उघडलं तर तिन्ही नळ्या मानेपासून सुट्या होऊन पडलेल्या.

"वहिनी, खोकी वाट बघतायत," शेजारच्या बर्नरवरून साईनाथ म्हणाला. हरेशभाईंनी नुसते हात झटकले. "अजून घाई आहे हातात," असं प्रमोदकाका म्हणाले, ते मात्र तिला लागलं.

दिवसभर तिनं मुकाट पॅकिंग केलं आणि एक तुटका जोड कागदात गुंडाळून बुवापाड्याला घरी आणला. तिला एक गोष्ट पटत नव्हती. हात चुकला असता तर प्रत्येक फ्लास्क वेगळ्या जागी तडकला असता. हे तिन्ही बरोबर जोडाभोवती गोल तडकले होते.

घरी सासूबाई, सगुणाबाई, भजी तळायच्या तयारीत होत्या. शेडमधली रेघा वाकड्या छापलेली बीकरं कामगारांच्या घरी जात. कुणी त्यात चहा उकळी, सगुणाबाई तेल ठेवत.

"तुझी ती काचेची काडी परत तेलात पडलीय बघ. हाताला लागते, पण दिसेल तर शपथ!"

"आपली काच तेलात दिसतच नाही, आई," म्हणता म्हणता स्वप्नाली थबकली. तिनं तुटका जोड धुऊन पुसला आणि तेलात बुडवला. फ्लास्कच्या मानेचा तुकडा पार नाहीसा झाला. नळीचा तुकडा मात्र स्वच्छ दिसत राहिला.

"अगं बाई, भजी कशात तळू आता?"

"आई, ही नळी आपल्या काचेची नाहीच! साधी आहे, बाटलीच्या काचेसारखी."

साधी काच लवकर वितळते आणि निवताना जास्त आकसते. बोरो फारशी आकसत नाही. दोघींची जोडावर ओढाताण होते आणि जोड तुटतो. डब्यात कुणीतरी साध्या नळीचे तुकडे टाकले होते.

सकाळी तेलाची बाटली घेऊन ती काकांसमोर उभी राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पटकन वितळली होती?"

"लोण्यासारखी."

"तेव्हाच हात थांबवायचा."

"हो काका. ती चूक माझीच."

"पण अदी, आपलं ठरलं होतं," मागे येऊन उभे राहिलेले हरेशभाई म्हणाले.

"ठरलं होतं. तरी मागतेय. आज नाही म्हणालात तर उद्या मागेन."

हरेशभाईंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "बसू दे." हरेशभाईंनी कपाळाला हात लावला. "बस. पण माल कुठे म्हणून कॉलेजचे फोन येतील, ते तू घे!"

तिनं आधी अख्खा डबा ओतला आणि एकेक तुकडा तेलात बुडवून बघितला.

"वहिनी, लोणचं घालताय का?"

"मुरू दे साईनाथ, तुलाच वाढते."

मग ती बर्नरवर बसली. या वेळी नळी हट्टी निघाली. दंड भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, पण काच पुरती लाल होईपर्यंत तिनं फिरवणं थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीतून तिन्ही फ्लास्क शाबूत निघाले. प्रमोदकाकांनी एकेक हातात फिरवून बोटांनी चाचपला. "एकाची नळी तिरकी आहे."

"आहे. पुढची सरळ येईल."

"अरे, पण पॅकिंगला कोण?" हरेशभाई खोक्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाले.

"ते तुम्ही बघा, हरेशभाई," स्वप्नाली म्हणाली आणि तिनं बर्नर पेटवला.