चीफसाहेबांचा आभारदिन

जगात कुणी कुणाचे आभार आपणहून मानत नाही, त्यासाठी वरून हुकूमच यावा लागतो, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. आणि तो सिंगापुरात, हौगांगला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. अर्धं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून हे गृहस्थ चीफ इंजिनिअर म्हणून किनाऱ्याला लागले आणि हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात बसू लागले. जहाज सुटलं, पण हुकूम सोडायची सवय सुटली नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा यांना नोटीस काढल्यासारखंच सांगता येतं."

कधीकाळी एका अमेरिकन कप्तानानं त्यांना भर समुद्रात 'थँक्सगिव्हिंग'चं, म्हणजे त्यांच्याकडच्या आभाराच्या सणाचं, जेवण घातलं होतं. तेव्हापासून त्या सणानं त्यांना झपाटलं. स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवायला त्यांना काकूंची मदत लागे, पण कुठल्या अमेरिकन अध्यक्षानं या सणाचं काय केलं ते तोंडपाठ. "पहिल्या अध्यक्षानं जाहीरनामा काढला म्हणून लोकांनी आभार मानले. पुढे देशात यादवी पेटली, भाऊ भावाला गोळ्या घालतोय, आणि तेव्हाचा अध्यक्ष म्हणतो, नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार, सगळ्यांनी आभार माना! याला म्हणतात नेता. नुसतं लोकांवर सोडलं असतं तर आजपर्यंत कुणी 'थँक्यू' म्हटलं नसतं."

आपल्याकडे असं कुणी करत नाही म्हटल्यावर त्यांनी ती जबाबदारी स्वतःकडे घेतली. दर नोव्हेंबरात आमच्या ब्लॉकमधल्या सहा-सात मराठी घरांच्या दाराखालून एक टाइप केलेला कागद सरकायचा. सुरुवात 'सर्व संबंधितांस'. देवाचे आभार मानून सुटायचं नाही. एक जिवंत माणूस, त्याचा एक उपकार, आणि आभार तोंडावर. मग चीफच्या घरी जेवताना त्याचा अहवाल. आमच्यातला एक पुणेकर आयटी मॅनेजर या हुकमापायी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांतल्या कॉफीवाल्या आंटीकडे गेला. तो नवा असताना बिनसाखरेची कॉफी कशी मागायची ते तिनं त्याला शिकवलं होतं. त्यानं आभार मानताच बाई संशयानं म्हणाली, "व्हाय? यू गोइंग बॅक इंडिया?"

एकदा शाळेच्या सुट्टीमुळे त्यांनी दिवस आदल्या शनिवारी आणला. निम्म्या घरांना ते पटलं नाही, त्यांनी गुरुवारच धरून ठेवला, आणि श्रीखंड-पुरी दोनदा झाली. चीफ खूश. "दुकानदारांसाठी तारीख अलीकडे ओढणाऱ्या अध्यक्षाचंही नेमकं हेच झालं होतं. निम्म्या राज्यांनी ऐकलंच नाही!" तिकडे सणाला कापायच्या पक्ष्यांपैकी एका टर्कीला अध्यक्ष जीवदान देतात हे कळल्यावर काकूंच्या शाकाहारी स्वयंपाकघरातला एक लाल भोपळा त्यांनी विधिपूर्वक माफ केला. आमची कन्या म्हणाली, "अंकल, पम्पकिन कॅनॉट रन लाह!" तीन आठवडे तो भोपळा चपलांच्या कपाटावर मानानं बसला होता.

दोन हजार सोळाचं साल असेल. सगळ्यांचे अहवाल झाले, आणि पुरी वाढता वाढता काकू म्हणाल्या, "दरवर्षी सगळ्यांची हजेरी घेता. त्या फिटरचं काय?"

चीफ ताटातली पुरी मोडत राहिले. सांगितलं ते काकूंनीच. चीफ जहाजावर नवखे असताना इंजिनरूममध्ये वाफेचा पाइप फुटला. कोकणातल्या एका फिटरनं त्यांना कॉलरला धरून बाहेर ओढलं. यांना खरचटलंसुद्धा नाही. त्याचा उजवा हात भाजून निकामी झाला आणि दर्यावरची नोकरी संपली. हे चढत चढत चीफ झाले. त्याला एक पत्र नाही.

"लिहायला बसायचो," चीफ ताटाकडे बघत म्हणाले. "लाज वाटायची. जितकी वर्षं गेली तितकी जास्त." मग उठून म्हणाले, "आजचा कार्यक्रम तहकूब."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुन्या जहाजी दोस्तांना फोन लावायला सुरुवात केली. निम्मे नंबर बंद, काही माणसंच गेलेली. काकू म्हणाल्या, आता राहू द्या. "गंजलेला बोल्ट गरम करायचा असतो, सोडायचा नसतो," हे उत्तर. तीन महिन्यांनी पत्ता लागला: गुहागरजवळचं एक गाव. "फोन करून बघा आधी," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांची बॅग उचलून टॅक्सीत ठेवली.

परत आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. म्हातारा ओट्यावर बसून डाव्या हातानं सुपाऱ्या निवडत होता. इंजिनच्या आवाजानं कान केव्हाच गेलेले. चीफ हळूच म्हणाले, "तुमचे आभार मानायला आलोय."

"कोण आजारी?"

"आभार! आभार!"

"अहो, पण आजारी कोण?"

तिसऱ्या वेळी चीफनी इंजिनरूमचा आवाज काढला. शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या. मनात दाबून ठेवलेलं वाक्य त्यांना अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागलं, आणि ओरडता ओरडता ते रडायला लागले. म्हातारा सुपाऱ्या बाजूला सारून म्हणाला, "साहेब, तुम्ही शिडीच्या तोंडाशी आडवे पडला होतात. तुम्हाला ओढल्याशिवाय मी बाहेर कसा पडणार?" मग डाव्या हातानं त्यांचं मनगट धरून म्हणाला, "बसा आता. जेवून जा." चीफ चार दिवस राहिले.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात आमच्या दाराखालून कागद आला नाही. पुढच्या वर्षी दोघं कायमची नाशिकला निघाली. मी त्यांना चांगी विमानतळावर सोडायला गेलो. माझे वडील गेले तेव्हा मी आणि बायको मिळेल त्या विमानानं निघालो होतो, आणि परीक्षा चालू असलेल्या आमच्या मुलीला पंधरा दिवस या माणसानं सांभाळलं होतं, डबा भरून, शाळेच्या फाटकापर्यंत पोचवून. गाडीत सगळा वेळ तेच माझ्या ओठावर होतं. काकूंनी ट्रॉली वळवली, चीफनी पासपोर्टसाठी तिसऱ्यांदा खिसा चाचपून पाहिला, काचेचं दार उघडलं.

"पोचल्यावर फोन करा," एवढंच मी म्हणालो.