बांड्याची चाल

तार आली तेव्हा मी मुंबईत कामाच्या जागी, एका साबणाच्या जाहिरातीसाठी फेसाच्या बुडबुड्यांची चित्रं काढत बसलो होतो. ‘गुलाबराव वारले. निघून या.’ गुलाबराव म्हणजे माझे मामा, आईचे थोरले भाऊ, समुद्रपूरजवळच्या खेड्यातले शेतकरी. खोटं कशाला बोलू, तार वाचून आधी रडू आलं नाही, हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली आणि त्यानंतर रडू आलं. हीच तार सहा आठवडे आधी आली असती तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. असं काय होतं, ते मामांच्या तेरवीनंतर आता महिन्याभरानं सांगता येईल असं वाटतं.

माझं घर आर्वीचं. उन्हाळा लागला की एस.टी.नं मामाच्या गावी जायचं, हे ठरलेलं. वह्यांच्या कोपऱ्यात मी एकापाठोपाठ एक चित्रं काढायचो आणि पानं अंगठ्यानं सोडली की तो माणूस चालायचा. वडलांना हा निव्वळ कागदाचा सत्यानाश वाटे, आणि वह्या त्यांनीच आणलेल्या असल्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं. मामा मात्र वही हातात घेऊन बसत. “पुन्हा चालव,” म्हणत. पाच-सहा वेळा पाहून झालं की निकाल देत, “सुध्या, तुह्या मान्साचा गुडघा दुखून राह्यला.” मामा शंकरपटातले नावाजलेले धुरकरी होते, म्हणजे बैलांच्या शर्यतीत जोडी हाकणारे. जनावर चार पावलं चाललं की त्याच्या कुठल्या खुरात काय आहे ते त्यांना कळायचं. माणसांकडेही ते तसेच बघत. आमच्या एका नवऱ्या मुलाला त्यांनी मांडवाच्या दारात, सगळ्यांसमक्ष, “जोडा लागून राह्यला का जावाईबापू?” असं विचारलं होतं... आणि लागतच होता.

पुढे मी हट्टानं मुंबईच्या एका संस्थेत चलच्चित्रं, म्हणजे हातानं काढलेल्या चित्रांचे सिनेमे, करायला शिकायला गेलो. आम्ही विद्यार्थी दिवसभर चाली पाहायचो. धावणं, वळणं, जिना चढणं. संस्थेजवळ तेव्हा नवंच व्हिडिओ गेमचं दुकान निघालं होतं. बटणं दाबायची आणि पडद्यावरच्या राक्षसांच्या ओळी पाडायच्या. ते सगळे राक्षस एकाच पायानं चालत. एकाचा उजवा तर सगळ्यांचा उजवा, आणि कुणाला काही खटकत नसे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. गेम खेळताना डोळे आपल्या बोटांसाठी काम करत असतात, राक्षस कसा चालतो याचं कुणाला सोयरसुतक. सिनेमात माणसाचे हात रिकामे असतात, म्हणून तो पाय बघतो. हे मी एका निबंधात लिहिलं, त्याला शाबासकीही मिळाली. शाबासकी मिळालेली अक्कल ऐनवेळी कामी येतेच असं नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं आपला छोटा सिनेमा करायचा होता. मी ठरवलं, मामांची बंडी, म्हणजे बैलगाडी, काढायची. फक्त बैलजोडी आणि बंडी, रस्त्यानं चाललेली. एप्रिलात गावी गेलो, मामांना पहिली चित्रं दाखवली. त्यांनी दोन वेळा पाहिलं. “हे दोघं परेड करून राह्यले का?” म्हणाले. “पोलिसात भरती केलं का तू बैलाईले?” मग गोठ्यात नेऊन त्यांनी मला शिकवलं. लाल्या उमदा, लांब टांगेचा. त्याचा मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडतो. बांड्या आखूड चालीचा, त्याचा चार बोटं मागंच पडतो. म्हणून जू एक असलं तरी लाल्याच्या चार पावलांत बांड्याची पाच पडतात. मला पटलं, पण डोळ्यांना धरता येईना. तर या माणसानं काय करावं? मामीनं गाद्यांच्या खोळींसाठी आणलेला पांढरा मांजरपाट अंगणात अंथरला. लाल्याचे खूर गेरूनं आणि बांड्याचे कपड्यांच्या निळीनं स्वतःच्या हातांनी रंगवले, आणि जोडी त्यावरून चालवली. बैल पांढऱ्या कापडाला बुजायचे. भर उन्हात, वखरणी आटोपून, आठवडाभर हेच चाललं होतं. गाव कुंपणाशी उभं राहून हसायचं. मामी म्हणाली, “पोळा कवाचा आहे, अन् सजवून कवा राह्यले पाह्य.” मी गुडघ्यांवर बसून खुरांची मापं वहीत उतरवत होतो. निघताना मामांनी एवढंच म्हटलं, “बांड्याले बांड्यासारखाच चालवजो.” मी हो म्हणालो.

आणि चालवला नाही. लाल्याचं एक पूर्ण पाऊल म्हणजे सोळा चित्रं, ती पुन्हापुन्हा वापरता येतात. पण पाचावर चार बसवायची तर सोळाच्या जागी चौसष्ट कागद लागत होते, आणि माझे दिवस आळशीपणात गेले होते. सिनेमा द्यायला चार दिवस उरले तेव्हा मी काचेखाली दिवा लावला, लाल्यावर कागद ठेवला आणि त्यालाच थोडा मागे सरकवून गिरवला. अंगावर ठिपके टाकले, झाला बांड्या. राक्षसांच्या ओळी चालतात तर हे का नाही, अशी मनाची समजूतही घातली. परीक्षकांना काही कळलं नाही. ‘सुंदर लय’ असा शेरा मिळाला, मी पहिल्या वर्गात पास झालो, नोकरी लागली.

त्यांना फसवता आलं, पण मामांना एका नजरेत कळणार होतं. मामांच्या मुलीच्या अक्षरात पोस्टकार्डं यायची, शेवटची ओळ ठरलेली, ‘बाबा विचारते, बैल चालले का.’ मी आधी ‘दाखवतो’ असं लिहिलं, मग इकडची तिकडची खुशाली लिहिली, मग उत्तरच दिलं नाही. दोन पोळे गेले, गावी गेलो नाही. आईला कामाचं कारण सांगितलं. पुढे पोस्टकार्डातून ती ओळही गेली. मला वाटलं, विसरले. सुटलो! गाढवपणाला काही सीमा असते का...

मग आईचं पत्र आलं, मामांना सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलंय, पोटाचं दुखणं आहे, पुढचं काही खरं नाही. मी चित्रांचा गठ्ठा पिशवीत घातला आणि निघालो. खोट्या चित्रांचा गठ्ठा कशाला घेतला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक पकडलं जावं अशीच इच्छा होती. मामा खाटेवर अर्धे झाले होते. मला पाहिलं आणि पिशवीकडे पाहिलं. “आनले का?” मी खाटेच्या काठावर बसून कागद अंगठ्यानं सोडले. “पुन्हा,” म्हणाले. पुन्हा सोडले.

“लाल्या बरोबर आहे,” मामा म्हणाले. “बांड्या कोठी आहे?”

“हा काय मामा, पलीकडचा.”

“तो बी लाल्याच आहे.”

मग मी सगळं सांगून टाकलं. गिरवल्याचं, शेऱ्याचं, नोकरीचं, न लिहिलेल्या पत्रांचं. मान वर करायची हिंमत नव्हती. मामांनी विचारलं, “म्हंजे तू पास झालता?”

“हो. पहिल्या वर्गात.”

त्यांनी डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की पायथ्याशी बसलेली मामी उठून उभी राहिली. “अवं, पास झालता तो,” मामा तिला म्हणाले. मग मला म्हणाले, “मंग काऊन नाई सांगितलं लेका? दोन वर्सं झाले, तू येत नाई, लिहीत नाई. मले वाटलं, ह्या आडान्याचं आयकून पोराची परीक्षा बुडाली. म्या कोनाले बैलाचं सांगनंच बंद केलं.” मामीनं पदर डोळ्यांना लावला. ती म्हणाली, हे खरं आहे, पटावर लोक विचारायला यायचे तर हे म्हणायचे, मले काय समजते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तर म्हणाले, “ते राहू दे. बांड्या काढ आता.”

चार दिवस मी दवाखान्यातच होतो. खाटेशेजारी स्टुलावर कागद, आणि मामा खाटेच्या लोखंडी कडेवर बोटांनी ताल धरून, उजव्या हातानं लाल्या, डाव्या हातानं बांड्या. चार आणि पाच. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना वाटलं, भजन चाललंय, ते हात जोडून बसायचे. चौसष्ट कच्ची चित्रं झाली. चौथ्या दिवशी दुपारी मी कागद सोडले. मामांनी तीनदा पाहिलं. “हं,” म्हणाले. “आता हे जोडी आहे.” त्यानंतर त्यांना झोप लागली. मी मुंबईला परतलो, आणि सव्वा महिन्यानं तार आली. म्हणून मला हायसं वाटलं. ते माझ्यावर रागावून गेले नाहीत हे एक, आणि त्याहून मोठं म्हणजे, स्वतःला अडाणी समजून गेले नाहीत.

तेरवी झाल्यावर निघताना मामीनं ट्रंकेतून घडी काढून माझ्या हातात दिली. तो मांजरपाट. त्याच्या खोळी तिनं कधी शिवल्याच नव्हत्या. आम्ही दोघांनी तो अंगणात पसरला. गेरूची एक ओळ, निळीची एक ओळ, माझ्या वहीत मापांसकट उतरवलेली. आणि मधोमध, मी कधीच न पाहिलेली तिसरी ओळ, माणसाच्या अनवाणी पावलांची, खूर रंगवताना तळव्यांना लागलेल्या रंगाची. टाच गेरूची, बोटं निळी, कुठे दोन्ही मिसळलेली. बैल बुजत होते म्हणून मामा पुढे चालले होते, आणि मी आठवडाभर खाली मान घालून नेमकं तेवढंच पाहिलं नव्हतं. माझ्या सिनेमात बंडी आपोआप चालते, पुढे कुणीच नाही.

मी त्या पावलांवर पाय ठेवत चालून पाहिलं. उंच माणूस, पण पावलं फार जवळजवळ पडलेली, मला अडखळायला झालं. “मामा असे चालत नव्हते,” मी म्हणालो.

“नाई,” मामी म्हणाली. “हे बांड्याची चाल आहे. लाल्या ओढे, पन त्याले आवरून धरत. जो मागं राह्यते त्याच्या चालीनं चाला लागते, म्हनत.”

कापड आता माझ्या खोलीत भिंतीवर आहे. रोज सकाळी मी तिसऱ्या ओळीसमोर कागद घेऊन बसतो. आजपर्यंत अकरा चित्रं झाली आहेत.