दोरी पडते ती जागा

रॉक अँड रोल मी पहिल्यांदा ऐकलं ते रत्नागिरीच्या मांडवीला, आमच्या घराच्या पडवीत, सुकत घातलेल्या बांगड्यांच्या वासात. हे सांगितलं की पुण्या-मुंबईची माणसं हसतात. हसू देत. माझ्या वडिलांनी ते रांगत होतं तेव्हा त्याच्या घरात डोकावून बघितलं होतं. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि वडिलांचं म्हणणं खोडून काढायची परवानगी आमच्या घरात फक्त आईला होती.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीतच एका शाळेत नुकती शिकवायला लागले होते. आळीत घरोघर टेपरेकॉर्डर आले होते आणि गणपतीत मुलं चकचकीत शर्ट घालून डिस्को नाचायची. बाबा पडवीत आरामखुर्चीत बसून ते बघायचे आणि म्हणायचे, "आमचीच गाणी ही. कपडे बदलून आलीत." मुलं त्यांना मागून हसायची. बाबांना ते ऐकू जायचं नाही, कारण तेव्हाच त्यांच्या उजव्या कानाने राजीनामा दिलेला होता.

बाबा आयुष्यभर बोटीवर होते. भट्टीत कोळसा घालणारा आगवाला म्हणून लागले, पुढे इंजिनात तेल घालणारे तेलवाले झाले. म्हणजे समुद्रावर असून समुद्र दिसायचा नाही, बोटीच्या पोटात रात्रंदिवस इंजिनाचा धडधडाट. त्या धडधडाटाने कान खाल्ले. कायमचे घरी आले तेव्हा बरोबर एक लोखंडी पेटी, सुटकेससारखा बंद होणारा रेकॉर्ड प्लेअर आणि मधे मोठं भोक असलेल्या छोट्या तबकड्यांचा एक गठ्ठा आणला. आई म्हणायची, "लोकांचे नवरे परदेशातून घड्याळं आणतात, कापड आणतात. आमच्याकडे बोंबलणारी माणसं आली."

रोज चार वाजता चहा झाला की बाबा एक तबकडी लावत. दरवर्षी आवाज थोडा वाढायचा. बाबांचे कान कुठवर आले आहेत हे डॉक्टरांच्या आधी समोरच्या काकूंना कळायचं. मला पहिल्यांदा सुई टेकवायला दिली तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "हात हलवू नको. चालत्या बोटीवर आमी हा कदी उगडला नाय. लाट आली की सुई सरकते नि तबकडीवर ओरखडा उठतो. बोट बंदराला लागली की मगच गाणं." हा नियम त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला की आमचं घर बंदराला लागलेलं आहे याचा मला अभिमान वाटायला लागला होता.

त्या गठ्ठ्यात एक तबकडी वेगळी होती. तिचं कव्हर कधीच फाटलं होतं म्हणून बाबांनी तिला जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं होतं. ती लावायच्या आधी ते नेहमी तिची गोष्ट सांगत. आम्हाला पाठ होती, तरी सांगत.

पन्नासच्या दशकात त्यांची बोट अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात कापूस भरायला थांबली होती. शनिवारी संध्याकाळी बाबा हिंडत हिंडत एका हॉलपाशी गेले, कारण आतून ढोलकीसारखं काहीतरी वाजत होतं. दारावरच्या माणसाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. आत हॉलच्या मधोमध कमरेइतक्या उंचीवर दोरी बांधलेली होती. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. आता हा कोण? गोरा तर नव्हे. काळ्यांत घालावा तर केस सरळ. तो बिचारा पार गोंधळला. बाबा म्हणायचे, "त्याला काय म्हाईत मंडणगडचा माणूस कुठल्या बाजूला उबा करतात!" शेवटी त्याने त्यांना मागे स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठवलं. तिथल्या काळ्या स्वयंपाकीणबाईंनी एक स्टूल दिलं आणि ताटं सरकवायची खिडकी उघडून दिली.

त्या खिडकीतून बाबांनी ते पाहिलं. पियानो होता, सॅक्सोफोन होता, गिटार होती, ड्रम होते, आणि एक काळा गाणारा होता, जो गाण्यापेक्षा भांडत जास्त होता. जोर सगळा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. आपण समेवर टाळी देणारी माणसं. बाबांचा हात पहिल्यांदा चुकला आणि मग सुधारला. बाई म्हणाल्या, हे सूर आमच्या चर्चमधलेच. शेतात राबताना म्हणायच्या गाण्यांचे, गुत्त्यातल्या रडगाण्यांचे. त्यात डोंगरातल्या गरीब गोऱ्यांची गिटारही मिसळली आहे. रविवारी देवासाठी, शनिवारी पायांसाठी, एवढाच फरक. बाबांना ते लगेच पटलं. जाखडी नाचताना आमच्या मंडणगडकडच्या मूळ गावातही आधी गणपतीला आळवतात आणि मग नाचणाऱ्यांच्या दोन टोळ्या, दोन बाऱ्या, एकमेकींची यथेच्छ उणीदुणी काढतात.

गाणं ऐन रंगात आलं आणि एकदम सगळी वाद्यं थांबली. गाणाऱ्याने एकच आरोळी ठोकली. आणि पुन्हा सगळं एकदम सुरू झालं तेव्हा दोन्हीकडची पोरं एकाच वेळी पुढे उसळली आणि दोरी पडली. कोणी पाडली ते कोणालाच कळलं नाही. काळी-गोरी पोरं त्याच दोरीवर पाय देऊन नाचली. मग पोलीस आला, त्याने पोरांना दोन्हीकडे ढकललं आणि दोरी पुन्हा बांधली. पण तोवर एक गाणं पुरतं झालं होतं.

सोमवारी दुकानं उघडल्यावर बाबांनी शोधून त्याच गाण्याची तबकडी घेतली. ती वाजताना वाद्यं थांबण्याची ती जागा जवळ आली की ते बोट वर करत, आरोळी आली की हात खाली टाकत आणि म्हणत, "पडली दोरी!" आई आतून म्हणायची, "रोज पडते. बांधतं कोण हो परत?"

एकदा मात्र ते गमतीत नव्हते. म्हणाले, "आपल्या गावाला खळ्यात जाखडी नाचायची तेव्हा काही माणसं कुंपणाच्या गडग्यापलीकडनंच बगायची. आमी कुणी त्यांना आत ये म्हटलं नाय. मीसुदा नाय. तितं दोरी होती गो. दोरी पडते तरी. आपला गडगा चिऱ्यांचा." त्या दिवशी त्यांनी दुसरी तबकडी लावली नाही, चहाही गार झाला.

पुढची हकिकत सांगताना बाबांना चेव यायचा. पुढल्या सफरीला तेच गाणं गोऱ्यांच्या वस्तीत वाजत होतं, पण गाणारा पोरगा गोरा, केसांना तेल चोपडलेला. त्याच्या पुढल्या सफरीला रेडिओवर तेच, दुकानात तेच. "चाल त्यांची, पैसा ह्यांचा," बाबा म्हणायचे. मग ते इंग्लंडच्या बंदरातही पोचलं. तिथली पोरं धक्क्यावर उभी राहून खलाशांना विचारायची, अमेरिकेहून नवीन काय आणलंत? बाबांनी त्यांना कितीतरी तबकड्या दिल्या. बाबांचं सगळं खरं धरलं तर रॉक अँड रोल जगभर पोचवलं ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगवाल्यांनी. मी तसं म्हटलं की ते हसायचे नाहीत. "मग?" एवढंच म्हणायचे.

मी शिकवायला लागले त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला डावा कानही जायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: हळूहळू सगळं जाणार, यंत्र लावून फारसा उपयोग नाही. बाबा घरी आले. संध्याकाळी म्हणाले, "सगळ्या तबकड्या एकदा ऐकून घेतो. दोरीवाली शेवटाला." त्यांना दुसरं काही नको होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात प्लेअरची सुई तुटली. रत्नागिरीत तसली मिळेना. मुंबईच्या चुलतभावाला निरोप पाठवला. तो म्हणाला, शोधतो. गणपतीत आला तो रिकाम्या हाताने. बाबांना आता पावसाचा आवाज येत नव्हता. कौलांवर धो धो कोसळत असताना ते मला विचारायचे, "थांबला काय गो?" मी नाही म्हणून मान हलवायची आणि आत जाऊन माझे डोळे पुसायची. मला त्या चुलतभावाचा इतका राग आला होता की त्याच्या ताटात मोदक वाढताना हात आखडता घेतला.

नवरात्र संपता संपता निरोप आला. सुई मिळाली आहे, सकाळी पोचणाऱ्या एसटीने ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर गेले. मी शाळेत गेले.

आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते. चपला, पट्टे, लग्नाचे फोटो, काही सुटत नाही. मग आश्विनातलं कडक ऊन पडलं की घरापुढचं अंगण, म्हणजे खळं, नव्याने सारवायचं आणि घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढून तिला ऊन दाखवायचं. गाद्या, गोधड्या, पेट्या, पैठणी. आईचा या उन्हावर देवापेक्षा जास्त विश्वास. त्या सकाळी तिने आयुष्यात पहिल्यांदा बाबांची पेटी उघडली. तबकड्यांवर पांढरी बुरशी आली होती. तिने एकेक तबकडी ओल्या फडक्याने पुसली, जुनं लुगडं खळ्यात पसरलं, त्यावर सगळ्या ओळीने मांडल्या, आणि माणूस दमून येईल म्हणून आत भाताला आधण ठेवायला गेली.

मी दुपारी आले तेव्हा बाबा खळ्यात उभे होते. हातात सुईची डबी. तबकड्या तळलेल्या कुरडयांसारख्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या. आई पडवीच्या पायरीवर बसली होती. एरवी तिचं तोंड कधी बंद नसे. "मी म्हटलं वाईच ऊन दाखवावं," ती मला म्हणाली. "सुई येनार तर पुसून ठेवाव्या. त्यांना बरं वाटंल." एवढं म्हणून तिने पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत त्या बोंबलणाऱ्या माणसांसाठी तिने केलेलं हे पहिलं काम होतं.

बाबांनी डबी खिशात टाकली. खाली बसून त्यांनी तबकड्या गोळा केल्या. कपाटाच्या दोन काचा काढल्या, एकेक तबकडी मधे ठेवून वर पाटा ठेवला. पुढचे काही दिवस आमच्या घरात वाटण झालं नाही. आईने मुकाट्याने शेजारून मसाला वाटून आणला. बहुतेक तबकड्या सरळ झाल्याच नाहीत. दोरीवाली तेवढी जरा बसली. तिच्या एका कडेला लाट राहिली ती राहिलीच.

चार वाजता चहा झाला. बाबांनी नवी सुई बसवली आणि कान प्लेअरच्या अगदी जवळ नेला. तबकडी फिरायला लागली तशी सुई वर जाई, खाली येई. सूर ताणला जाई आणि पुन्हा आवळला जाई. गाणारा भांडत नव्हता, गटांगळ्या खात होता. ऐकवत नव्हतं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला बघून मला वाटलं, बाबांना आता काहीच ऐकू येत नसेल तर बरं. पण त्यांना येत होतं. त्यांच्या कपाळावरून ते कळत होतं.

गाणं संपलं. बाबांनी सुई उचलली, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "बोटीवर अशीच वाजायची."

"खरं?" आईने विचारलं. मग तिने तेच मोठ्याने विचारलं.

"तर! लाट आली की अशीच. कितीतरी वर्षांनी अशी ऐकली बग."

मी माझ्या कपात बघत बसले. चालत्या बोटीवर प्लेअर कधी उघडायचा नाही हे मला पाठ होतं. आईलाही असणार, ती आतून सगळं ऐकायची. पण तिने पदराने डोळे टिपले आणि बाबांना आणखी अर्धा कप चहा ओतला.

थंडी सरेपर्यंत बाबांचे कान पुरते मिटले. मला वाटलं, आता प्लेअर माळ्यावर जाईल. पण चार वाजता चहा झाला की आईच ती तबकडी धोतराच्या तुकड्यातून काढायची, पुसायची, सुई टेकवायची आणि बाबांच्या समोर पाटावर बसायची. बाबा तिच्याकडे बघत राहायचे. पहिल्यांदा मी विचारलं, "आई, आता कोणासाठी?" ती म्हणाली, "तू गप बस. ठोके मोजायला चुकते मी."

थोड्या वेळाने बाबा विचारायचे, "आली काय गो जागा?"

आई बोट वर करून थांबायला सांगायची. तबकडी गटांगळ्या खात फिरत राहायची. मग वाद्यं थांबायची, गाणाऱ्याची आरोळी यायची आणि आई वर धरलेला हात खाली टाकायची.

"पडली," बाबा म्हणायचे.